घोड्याच्या पिक्चरला चार स्टार

आर्याच्या वर्गात घोड्याचा पिक्चर न बघितलेली ती एकटीच उरली होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

"केनीने तर दोनदा बघितला," ती म्हणाली.

"दोनदा? एकदा बघून कळला नाही का त्याला?"

"बाबा, जोक नको."

रविवारची सकाळ होती. आर्या पाटावर पाठ करून बसली होती आणि सुमेध तिच्या केसांना खोबरेल तेल लावत होता. हे काम तिच्या आईचं, जागृतीचं. तिला जाऊन वर्ष होत आलं तरी सुमेधच्या बोटांना वेणी जमत नव्हती. वालीवच्या कारखान्यात तो माल रवाना करण्याच्या खात्यात होता. खोकी बांधून बांधून त्याचा हात जड झाला होता. एक वेणी कानाजवळ यायची, दुसरी मानेवर.

"मग नेशील का?" आर्याने विचारलं.

"नेईन की. शनिवारी जाऊ."

मग तिने ते विचारलं. ती हे विचारणार, हे त्याला ठाऊक होतं.

"त्यात कुणी मरतं का?"

"बघून सांगतो," तो म्हणाला.

जागृतीची रीत वेगळी होती, आणि ती तिने माहेराहून आणली होती. तिचं माहेर वसईच्या खाडीकाठचं, भातशेतीवाल्यांचं. गावच्या जत्रेत रात्री नाटक व्हायचं. नाटक सुरू होण्याआधी तिची आई, कृष्णाबाई, पोरांना पडद्यामागे घेऊन जायची. राक्षस होणारा माणूस तिथे आरशासमोर बसलेला असायचा, अर्धं तोंड रंगवलेलं आणि अर्धं त्याचं स्वतःचं. "बघा, हा आपला भातगिरनीवाला दादू. आता हा राक्षस व्हनार, आरडनार, नि शेवटाला मरनार. मंग घरी येऊन जेवनार." एवढं ऐकलं की पोरं पुढच्या रांगेत बसून राक्षसाला खुशाल हसायची.

जागृतीने हीच रीत पिक्चरला लावली. आर्याला कुठलाही पिक्चर दाखवायच्या आधी ती स्वतः सकाळच्या खेळाला एकटी जाऊन यायची. मग रविवारी तेल लावताना सगळी गोष्ट सांगायची. सगळी, म्हणजे शेवटासकट. सुमेध हसायचा. "मग तिने बघायचं काय?" जागृती म्हणायची, "आता निवांत बघेल." आणि खरंच, आर्या थेटरात पाय हलवत बसायची आणि बापाला कोपर मारून सांगायची, "आता कुत्रा हरवणार. रडू नको, सापडतो."

सुमेधला सकाळच्या खेळाला जाणं शक्य नव्हतं. घर, शाळेचा डबा आणि नोकरी सांभाळता सांभाळता त्याच्या रजा संपत आल्या होत्या. पण त्याच्याकडे भूपेश होता.

भूपेश जागृतीचा धाकटा भाऊ. पिक्चरची समीक्षा करायची हा त्याचा धंदा. एका पेपरात दर शुक्रवारी त्याचं लिखाण यायचं आणि मोबाईलवर त्याचं स्वतःचं चॅनल होतं. एव्हरशाईन वसाहतीतल्या सुमेधच्या बिल्डिंगीत अर्धे लोक पिक्चरला जायच्या आधी भूपेशला ऐकून जायचे. सुमेधला त्याचा अभिमान होता. जागृती मात्र त्याला चिडवायची, "तू पडद्याकडे बघून स्टार देतोस रे. खुर्चीत कोण बसलंय ते बघतोस का कधी?"

सुमेधने भूपेशचा व्हिडिओ लावला. घोड्याच्या पिक्चरला त्याने चार स्टार दिले होते. "गोष्ट मी सांगणार नाही," भूपेश पडद्यावर बोट नाचवत सांगत होता. "गोष्ट फोडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं! पण लहान मुलांसाठी असा पिक्चर बऱ्याच वर्षांत आला नाही. डोळे मिटून न्या." सुमेधने आणखी दोन पेपर चाळले. एकात 'सहकुटुंब आनंद' लिहिलं होतं, दुसऱ्यात 'बालमनाला फुंकर'. कोण जगतं, कोण मरतं, ते कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणून त्याने फोन केला.

"भाऊजी! बोला."

"घोड्याच्या पिक्चरचं विचारायचं होतं. आर्याला न्यायचाय."

"न्या ना! विचारताय काय? हसून हसून पोट दुखेल तिचं."

"ते ठीक आहे. पण तिने एक विचारायला सांगितलंय. कुणी मरतं का त्यात?"

पलीकडे जरा शांतता झाली. सुमेधला वाटलं, रेंज गेली.

"घोड्याला काही होत नाही हो," भूपेश म्हणाला. "शेवटपर्यंत धावतो. तुम्ही बिनधास्त न्या. मी सांगतोय ना."

सुमेधने फोन ठेवला आणि आर्याला हाक मारली. "काही होत नाही कुणाला. जाऊ आपण."

ती दारात येऊन उभी राहिली. "तुला माहितीये की वाटतंय?"

हा प्रश्न ती जागृती गेल्यापासून विचारायला लागली होती. जागृती हॉस्पिटलात होती तेव्हा सुमेधने आर्याला सांगितलं होतं की आई शुक्रवारी घरी येणार. आर्याने गुरुवारी संध्याकाळीच दारात रांगोळी काढून ठेवली, मध्ये वेडंवाकडं 'आई' लिहून. शुक्रवारी जी माणसं आली ती त्या रांगोळीवरूनच आत आली. त्यानंतर आर्या सगळ्याच गोष्टींना हे विचारायची. बस येणार आहे? माहितीये की वाटतंय? उद्या सुट्टी आहे? माहितीये की वाटतंय?

"माहितीये," सुमेध म्हणाला. "मामाने सांगितलंय."

तिने मान हलवली आणि शनिवारसाठी कपडे काढायला गेली.

शनिवारी दोघं निघाली तेव्हा खालच्या मजल्यावरची सालोमी गेटपाशी भाजी घेत उभी होती. सालोमी म्हणजे केनीची आई, आणि जागृतीची मैत्रीण.

"काय सुमेधभाऊ, कुठे निघाली स्वारी?"

"घोड्याच्या पिक्चरला," आर्याने सांगून टाकलं.

सालोमीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. तिने आर्याकडे बघितलं, मग सुमेधकडे. "विचारलंय ना तुम्ही कुणाला? म्हणजे, कसा आहे वगैरे?"

"भूपेशला विचारलं. चार स्टार दिलेत त्याने. बिनधास्त न्या म्हणाला."

"भूपेश म्हणाला?" सालोमी थोडी घुटमळली. "मग ठीक आहे. त्याला आपल्यापेक्षा कळतं."

पिक्चरचा पहिला अर्धा भाग भूपेशने सांगितला तसाच होता. समुद्रावर घोडागाडी चालवणारी एक बाई, तिची लहान मुलगी, आणि बत्तासा नावाचा घोडा. बत्तासाला कुणी पाठीमागून ढकललं की तो मुद्दाम उलटा चालायचा. एका जाड्या फौजदाराला घेऊन तो उलटा उलटा पाण्यात शिरला तेव्हा आर्या इतकी हसली की तिच्या नाकात पॉपकॉर्न गेलं. सुमेध पडद्याकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होता. वर्षभरात हा आवाज घरात झाला नव्हता. इंटरव्हलला त्याने भूपेशला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

इंटरव्हलनंतर ती बाई खोकायला लागली.

आर्याचे पाय हलायचे थांबले. "बाबा, ही आजारी आहे?"

"होईल बरी."

पडद्यावर हॉस्पिटल आलं. सलाईनची बाटली आली. मुलगी खिडकीतून आत बघत होती आणि तिचा मामा तिला सांगत होता की आई दोन दिवसांत घरी येणार.

"बाबा," आर्या म्हणाली. आवाज कुजबुजल्यासारखा नव्हता, नेहमीचाच होता. पुढच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले. "ही मरणार आहे का?"

त्याच क्षणी उठायला हवं होतं, हे त्याला नंतर सतत वाटत राहिलं. पण त्याला भूपेशचे शब्द आठवले आणि तो त्यांनाच धरून बसला.

"नाही गं. मामाने सांगितलंय ना."

मग मुलगी घोडागाडी घेऊन हॉस्पिटलात गेली. धावत जिना चढली. खाट रिकामी होती. चादर घडी करून पायथ्याशी ठेवलेली होती.

आर्या रडली नाही. ओरडली नाही. तिने पाण्याची बाटली उचलली, गळ्यात अडकवली आणि लोकांचे गुडघे ओलांडत चालायला लागली. सुमेध तिच्यामागून धावला. ती बाहेर सरकत्या जिन्यापाशी उभी होती.

"आर्या, मला खरंच माहीत नव्हतं."

"मग माहितीये का म्हणालास?"

रिक्षात ती दुसऱ्या कडेला सरकून बसली. रात्री भूपेशचा मेसेज आला, कसा वाटला? सुमेधने लिहिलं, मध्येच निघालो, आर्याला सहन झालं नाही. त्याला अजून वाटत होतं की भूपेशच्या ध्यानात राहिलं नसेल. इतके पिक्चर बघतो, होते गफलत.

पुढचे दिवस आर्या वागायला नेहमीसारखीच होती. जेवत होती, शाळेत जात होती. फक्त तिने विचारणं बंद केलं. माहितीये की वाटतंय, हा प्रश्न कधीकधी त्याला टोचायचा, पण तो बंद झाल्यावर घर फार रिकामं वाटायला लागलं. तिची एक दाढ दुखत होती. सुमेध म्हणाला, डॉक्टर नुसतं बघतील, काढणार नाहीत. ती "बरं" म्हणाली आणि चपला घालून खाली गेली. थोड्या वेळाने तो तिला बोलवायला उतरला, तेव्हा सालोमीच्या दारातून तिचा आवाज आला.

"आंटी, दात काढतात तेव्हा दुखतं का? बाबांना विचारून उपयोग नाही."

तो दार न वाजवता परत वर आला.

संध्याकाळी सालोमी स्वतःच वर आली. हातात झाकलेली वाटी होती, पण वाटी द्यायला आली नव्हती.

"सुमेधभाऊ, मी चुकले," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "केनीला घेऊन मीच गेले होते त्या पिक्चरला. गेटवर तोंडाशी आलं होतं माझ्या. पण तुम्ही भूपेशचं नाव घेतलंत. मी म्हटलं, सख्खा मामा आहे, विचार करूनच बोलला असेल. आपण मध्ये कशाला पडा."

"वर्गातल्या पोरांनीही तिला सांगितलं नाही."

"टीचरने सांगून ठेवलंय त्यांना, आर्यासमोर आईचा विषय काढायचा नाही. केनी फक्त घोड्याचं सांगायचा आणि मग गप्प बसायचा." सालोमीने वाटी टेबलावर ठेवली. "आणखी एक आहे. तुम्ही भूपेशचा नवा व्हिडिओ बघितलात का?"

त्याने बघितला नव्हता. ती गेल्यावर बघितला.

व्हिडिओचा विषय होता, लहान मुलांना पडद्यावर मरण दाखवावं का. भूपेश आज बोट नाचवत नव्हता, शांत बोलत होता. "अनेक पालक मला विचारतात, त्यात कुणी मरतं का? मी म्हणतो, हा प्रश्नच चुकीचा. माझ्या अगदी जवळची एक लहान मुलगी आहे. तिची आई गेली. वर्षभर ती पोर रडली नाही. हा पिक्चर बघताना ती पहिल्यांदा रडली. मोकळी झाली. चांगला पिक्चर हे करू शकतो."

खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती.

सुमेधने व्हिडिओ थांबवला. म्हणजे गफलत नव्हती. फोनवर ती शांतता रेंजची नव्हती. सगळं नीट ठाऊक असताना भूपेशने घोड्याचं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो सरळ सासुरवाडीला गेला. कृष्णाबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जावयाचा चेहरा बघून त्यांनी सूप बाजूला केलं. "पोरीला नाय आनली?"

"नाही आई. भूपेश आहे?"

भूपेश आतून आला, हसत. "अहो भाऊजी, फोन करायचा ना, मी..."

"तुला माहीत होतं."

भूपेशचं हसू गेलं. त्याने आईकडे बघितलं. "बसा तरी."

"बसायला नाही आलो. मी तुला विचारलं, कुणी मरतं का. तू घोड्याचं सांगितलंस."

"खोटं नाही बोललो. घोडा..."

"भूपेश."

भूपेश ओटीच्या खांबाला टेकला. बोलला तेव्हा त्याचा आवाज व्हिडिओतल्यासारखा नव्हता. "ताई गेल्यापासून आर्याला रडताना बघितलंय तुम्ही? मी नाही बघितलं. दिवसकार्याला सगळे रडत होते आणि ही पोर चपला ओळीने लावत होती. तुम्ही तिच्यासमोर ताईचं नाव घेत नाही. शाळेत कुणी घेत नाही. मी तो पिक्चर बघताना ढसाढसा रडलो, भाऊजी. बाहेर आलो तर इतकं हलकं वाटलं. मला वाटलं, अंधारात बसून, त्या दुसऱ्या पोरीच्या निमित्ताने, तिचंही होईल."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतं?"

"नसतं नेलं."

"तेच तर."

"तेच तर काय? मी नेणार नाही हे तुला कळत होतं, म्हणून मला फसवून नेलंस. मी तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, माहितीये, कुणी मरत नाही. हॉस्पिटल आलं तेव्हा पुन्हा सांगितलं. तुझ्या भरवशावर."

"पिक्चर चांगला आहे, भाऊजी. एकदा शेवटपर्यंत बघा. मी उगाच चार स्टार..."

"असेल चांगला! पिक्चर कसा आहे हे मी तुला विचारलंच नव्हतं. माझ्या पोरीचं विचारलं होतं. आणि तू काय सांगितलंस लोकांना? ती रडली? मोकळी झाली?"

भूपेशने खांबाचा टेका सोडला.

"ती रडली नाही. तिने बाटली उचलली आणि चालायला लागली. आता ती मला काही विचारत नाही. दात दुखला तरी खाली शेजारी जाऊन विचारते."

"मला वाटलं, सहन झालं नाही म्हणजे..."

"तुला वाटलं," सुमेध म्हणाला.

कृष्णाबाई इतका वेळ शेंगा हातात धरून ऐकत होत्या. मोबाईलवरच्या गोष्टी त्यांना कळत नसत. पण एवढं कळलं होतं.

"तू न्हान व्हतास तवा राक्षसाला घाबरून चड्डी ओली केलीस," त्या भूपेशला म्हणाल्या. "पुढच्या सालापासून तुला मी आरशापाशी नेला. दादूच्या तोंडावरचा रंग बोटाला लावून दाखवला. तवा तू नाटक बघाया शिकलास. आनि त्या पोरीला तू इचारल्यावर पन सांगितला नाय? जागू असती तर तुला दारात उभा केला नसता."

"आई, तू मध्ये..."

"मध्ये मीच हाय. माझी पोर गेली."

भूपेशचे डोळे भरले. त्याने व्हिडिओ काढून टाकतो म्हणून सांगितलं. सुमेध म्हणाला, काढ. चहा न घेताच तो निघाला. पायरीवर भूपेशने त्याच्या दंडाला हात लावला. सुमेधने तो बाजूला केला. गेल्या वर्षी जागृतीला दोघांनी मिळून खांदा दिला होता, हे दोघांनाही त्याच वेळी आठवलं असावं.

शुक्रवारी त्याने उरलेल्या रजांतली एक घेतली आणि सकाळच्या खेळाला गेला. तिकीट देणाऱ्या मुलीने त्याच्या मागे बघितलं. "लहान मुलांचा पिक्चर आहे सर. एकच?"

"एकच."

थेटरात तुरळक माणसं होती. फौजदार पाण्यात शिरला तेव्हा मागच्या रांगेतलं एक पोर खिदळलं. सुमेध वाट बघत बसला. रिकामी खाट आली. या वेळी तो उठला नाही. त्यानंतर मुलगी घरी येते. मामा गाडी विकायला काढतो. मुलगी आईचा हिरवा रुमाल घेते, आई बांधायची तसा कपाळाला बांधून बघते, तो डोळ्यांवर घसरतो. शेवटी ती तो घोड्याच्या लगामाला बांधते. घोडा पहिल्यांदा हलत नाही. तिला कळतं, याला ढकलायचं नसतं. ती गाडीत बसते आणि नुसती वाट बघते. खूप वेळाने घोडा चालायला लागतो. सरळ. पिक्चर तिथेच संपतो. आई येत नाही, स्वप्नातसुद्धा नाही.

दिवे लागले तरी सुमेध खुर्चीतच होता. झाडणारा माणूस त्याची रांग सोडून पुढे गेला. पिक्चर चांगलाच होता. भूपेशने चार स्टार उगाच दिले नव्हते. हे कबूल करताना सुमेधला बरं वाटलं नाही, उलट राग वाढला. एवढा चांगला पिक्चर, आणि आर्याला तो असा भेटला. आधी माहीत असतं तर कदाचित ती तो बघूही शकली असती. जागृतीने सांगितला असता तर.

रविवारी तेलाची बाटली घेऊन तो बसला. आर्या पाठ करून पाटावर बसली. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

"मी तो पिक्चर बघून आलो," तो म्हणाला. "पूर्ण. सांगू?"

तिने पाटावर पाय आवळून घेतले. मग म्हणाली, "सांग."

त्याने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. जागृतीसारखं आवाज काढून सांगणं त्याला जमत नव्हतं. कामावर कुठला माल कुठे गेला ते सांगतात तसं तो एकामागून एक सांगत गेला. बाई खोकते. हॉस्पिटलात नेतात. मामा म्हणतो दोन दिवसांत येईल. "पण ती येत नाही," सुमेध म्हणाला. "मरते."

त्याच्या बोटांखाली तिचं डोकं हललं नाही.

शेवटाकडे आल्यावर त्याला मोह झाला. घोडा चालायला लागतो, आणि मुलीला वाटतं की आई शेजारी बसली आहे, एवढं जोडलं तर काय बिघडणार होतं? वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. तो थांबला.

"मग?" आर्या म्हणाली.

"मग घोडा चालायला लागतो. ती एकटीच असते गाडीत. आणि संपतो."

"रुमाल?"

"हां. तो लगामाला बांधते. आधी कपाळाला बांधून बघते, पण मोठा होतो."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. ती दोघं थेटरातून निघाली तेव्हा रुमाल अजून आला नव्हता.

"तुला कुणी सांगितलं रुमालाचं?"

"सालोमी आंटीने. मी तिला विचारलं, शेवट काय होतो. सगळं सांगितलं तिने."

"मग मला कशाला सांगायला लावलंस?"

"बघत होते," आर्या म्हणाली. "बरोबर सांगितलंस."

शाळेत बाई पाढे तपासताना म्हणतात तसं ती ते म्हणाली. सुमेधने दुसऱ्या वेणीचे पेड वेगळे केले. पोटच्या पोरीने आपलं बोलणं दुसरीकडे पडताळून बघावं, हे त्याला लागलं. पण तिचं काही चुकलं होतं असंही त्याला म्हणता येईना.

"बाबा."

"बोल."

"आई शुक्रवारी येणार, ते तुला माहिती होतं की वाटत होतं?"

त्याचे हात थांबले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

"वाटत होतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते, बरं वाटतंय, बघू, शुक्रवारपर्यंत सोडू. मी तुला येणार म्हणून सांगितलं."

"मग वाटतंय म्हणायचं ना."

"हो. तसं म्हणायला हवं होतं."

"मी रांगोळी नसती काढली." तिचे खांदे हलले. मग पुन्हा हलले. ती तोंडावर हात दाबून रडत होती, आवाज न करता, पाठ त्याच्याकडेच ठेवून. सुमेधने तिला जवळ ओढायला हात पुढे केला तर तिने खांदा झटकला. तो हात केसांवर परत आला आणि तिथेच राहिला.

टेबलावर फोन वाजायला लागला. भूपेशचं नाव दिसत होतं. रविवारी तो भाचीशी बोलायला फोन करायचा. वाजून वाजून फोन बंद झाला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

थोड्या वेळाने आर्याने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं आणि दोन्ही वेण्या चाचपून बघितल्या.

"ही वर झालीय," ती म्हणाली. "सोड. पुन्हा घाल."

त्याने रिबीन सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.